गॅलरीसमोरचं खाचर

आम्ही तिघी मैत्रिणी जाणार होतो. आदल्या दिवशी एकीला ताप आला, दुसरीला ऑफिसने सोडलं नाही. दोघींनी फोनवर खूप हळहळ व्यक्त केली. मीही केली, आणि फोन ठेवल्यावर मला बरंच वाटलं. सलग सुट्टी, समोर धरणाचं पाणी, आणि कुणाशी फार बोलायचं नाही. आईला मात्र हे एकटीचं जाणं पटेना.

"अगं, आंदर मावळात संध्याकाळनंतर एसटीसुद्धा नसते," ती म्हणाली.

"संध्याकाळनंतर मला कुठे जायचंय?" मी म्हटलं.

पुण्याची असल्यामुळे लोणावळ्याला मी लहानपणापासून जात आले आहे. वाटेतलं कान्हे स्टेशन दर वेळी खिडकीतून मागे पडायचं. तिथे उतरून उजवीकडे वळलं की डोंगरांच्या आत एक वेगळंच मावळ आहे, हे मला यंदाच्या जुलैपर्यंत माहीत नव्हतं.

गुरुवार

स्टेशनबाहेर संदीप जीप घेऊन उभा होता. तिशीतला, लोणावळ्याच्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये काही वर्षं काम करून गावी परतलेला. वडिलांच्या जागेवर त्याने आणि त्याच्या बायकोने, रूपालीने, चार खोल्यांचं हे घर बांधलं. तो वाटेत फार बोलला नाही, त्याबद्दल मी मनातल्या मनात त्याचे आभार मानले. टाकवे मागे पडलं, रस्ता अरुंद झाला, दोनदा म्हशींनी अडवलं. पुढे ढग इतके खाली आले की संदीपने दिवे लावले.

घर टेकडीच्या उतारावर आहे. काळ्या दगडाचं जोतं, लाल पत्रा, आणि पुढच्या बाजूने लांबलचक गॅलरी. चार खोल्यांना भातांच्या जातींची नावं दिली आहेत: इंद्रायणी, आंबेमोहोर, रायभोग, जिरेसाळ. मला जिरेसाळ मिळाली. पलंगावर धुतलेल्या सुती चादरीचा वास होता, खिडकीत गवती चहाचं बेट. गॅलरीत जाऊन पाहिलं तर पांढऱ्या ढगापलीकडे काही नाही.

"आत्ता ढग हाय," मागून आवाज आला. संदीपच्या आई, इंदूमावशी. बुटक्या, नऊवारीतल्या, हाताला पिठाचा वास. "उद्या दिसंल. ते कुटं जातंय?"

बुकिंग करताना मी रूपालीला विचारलं होतं, जेवण खोलीत मिळेल का. ती नुसतं "बघू या" म्हणाली होती. रात्रीचं ताट मावशी स्वतः घेऊन आल्या. स्टुलावर ठेवलं आणि समोरच्या खुर्चीत बसल्या.

"तुम्ही जा ना मावशी. मी जेवते."

"जेव की. मी बसल्ये."

"नाही, म्हणजे तुम्हाला कामं असतील."

"एकटं जेवल्यालं अंगाला लागत न्हाई," त्या म्हणाल्या आणि हलल्या नाहीत.

तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी, लसणाची चटणी, वर वाफ निघणारा भात. पालेभाजी मी एरवी ताटाच्या कडेला सारते. टाकळ्याचा तो किंचित कडवट वास मला इतका आवडला की मी पुन्हा मागितली. माझा प्रत्येक घास मावशी मोजल्यासारखा बघत होत्या.

"भाकर मोडून खावी. कातरल्यावानी काय करतीस?"

आमच्या घरी प्रत्येकजण आपापल्या वेळेला आपापल्या स्क्रीनसमोर जेवतो. कुणी कुणाच्या ताटात बघत नाही आणि मला ते सोयीचंच वाटत आलं आहे. त्या रात्री मी हिशेब केला की खाली सगळ्यांबरोबर बसले तर निदान सगळ्यांची नजर माझ्यावर नसेल. दुसऱ्या दिवसापासून मी खाली जेवायला जाऊ लागले. मावशींना हेच हवं होतं, हे मला नंतर कळलं.

शुक्रवार

सकाळी दार उघडलं आणि मी दारातच थांबले.

ढग अर्ध्या डोंगरापर्यंत चढले होते. पलीकडच्या कड्यावरून धबधबे इतक्या लांबून येत होते की त्यांचा आवाज नव्हता, नुसत्या पांढऱ्या रेघा. खाली धरणाचं पाणी, राखाडी आणि स्थिर. आणि त्या पाण्यापर्यंत उतरत गेलेली भातखाचरं, जिन्याच्या पायऱ्यांसारखी, प्रत्येकीला वेगळा आकार. नुकत्याच लावलेल्या भाताचा पोपटी रंग एवढा ताजा होता की ओला रंग हाताला लागेल असं वाटावं. बांधांवर बगळे. एका बांधावरून एक बाई डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन चालली होती. त्या सगळ्या दृश्यात हलणारी तेवढी एकच गोष्ट होती.

थोड्या वेळाने मला एक गोष्ट खटकली. आजूबाजूला सगळं हिरवं, पण बरोबर आमच्या गॅलरीसमोरचं मोठं खाचर मोकळं होतं. त्यात नुसतं चहाच्या रंगाचं पाणी. कोपऱ्यात रोपांचा एक दाट चौकोन, शेंड्यांना पिवळा पडू लागलेला. बांधावर एक म्हातारे गृहस्थ पाठमोरे बसले होते. इतक्या वेळात त्यांनी एकदाही वर घराकडे पाहिलं नाही.

मी काही विचारलं नाही. पण चहा घेऊन आलेल्या रूपालीने माझी नजर पाहिली. ती तळेगावची, एका शिक्षकांची मुलगी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल.

"ते नाना. माझे चुलत सासरे," ती म्हणाली. "वर्षभर आमच्याशी बोलत नाहीत."

मग तिने कठड्याला टेकून सगळं सांगितलं. या गावात भाताची लावणी इरजिकीने होते. आज तुमच्या वावरात सगळं गाव, उद्या माझ्या. मजुरी कुणी घेत नाही. ज्याचं वावर त्याने जेवण घालायचं, आणि प्रत्येक घरातून निदान एक माणूस आलंच पाहिजे. पण लावणीचे आठवडे तेच पाहुण्यांचे आठवडे. जुलैत खोल्या भरलेल्या असतात. गेल्या वर्षी नानांच्या लावणीच्या दिवशी घरात पाहुणे होते, म्हणून संदीपने आपल्या बदली दोन मजूर लावले आणि जीपने वावरात पोचवले.

"बरोबरच केलं की," मी म्हटलं. मला खरंच त्यात चूक दिसेना. आमच्या सोसायटीत कुणाकडे कार्य असलं की केटरर येतो, कुणाला वाईट वाटत नाही.

"आम्हालाही तेच वाटलं," रूपाली म्हणाली. "नानांनी त्या दोघांना बांधावरूनच परत पाठवलं. म्हणाले, माझ्या सख्ख्या पुतण्याचे हात भाड्याने मिळतात हे मला माहीत नव्हतं. आणि हेही म्हणाले की खोल्यांना भाताची नावं दिलीत, भाताला कोण आहे?"

यंदा नानांनी कुणालाच बोलावलं नव्हतं. त्यांची दोन्ही मुलं चाकणला कंपनीत. गावातली अर्धी तरुण माणसं तशीच पाळीवर जाणारी. आणि मुंबईच्या एका पार्टीला हे खाचर हवं होतं. तीन मजली बंगला बांधायला. पार्टी रविवारी येणार होती. लावणी झाली नाही तर या वर्षी नाना हो म्हणतील, असं गाव म्हणत होतं.

मी समोर पाहिलं. तीन मजले म्हणजे धरण, धबधबे, डोंगर, सगळंच त्यामागे जाणार.

"भिंत बघायला कोण येतं हो?" रूपाली म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

दुपारी ती दोघं शनिवारच्या पाहुण्यांसाठी सामान आणायला लोणावळ्याला निघाली. मीही गेले. पावसात चिक्कीच्या दुकानांसमोर गाड्यांच्या रांगा, भुट्ट्याच्या गाड्यांचा धूर, कानाला लागणारे हॉर्न. ढगात काही दिसत नसताना लोक ढगाचेच फोटो काढत होते. मी गरम मक्याचं कणीस घेतलं आणि पहिल्याच घासाला त्यातला लिंबाचा थेंब डोळ्यात उडवून घेतला. जीपमध्ये बराच वेळ रुमाल डोळ्याला लावून बसले होते. संदीपला वाटलं मी रडते आहे, म्हणून तो गाडी अगदी सावकाश चालवू लागला. खरं कारण सांगायला मला संकोच वाटला.

परतताना त्याने एका गल्लीत जीप थांबवली आणि एका रिसॉर्टच्या मागच्या बाजूला बोट केलं. ओळीने बाल्कन्या होत्या, आणि त्यांच्यापुढे हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ दुसऱ्या इमारतीची मागची भिंत. पाइप, एसीची यंत्रं, शेवाळ.

"मी इथं कामाला होतो तेव्हा त्या बाल्कनीतून सगळी दरी दिसायची," तो म्हणाला. "बोर्डावर अजून 'व्हॅली व्ह्यू' आहे. पुसत नाहीत."



संध्याकाळी जेवताना मावशींनी भात वाढता वाढता सांगितलं, "उद्या सकाळी आमी समदी नानांच्या वावरात."

संदीपचा घास हातातच राहिला. "आई, उद्या ठाण्याची फॅमिली येतीये. तिन्ही खोल्या त्यांच्या."

"येऊ दे."

"त्यांचं जेवण?"

"जेवान वावरात."

"आणि नानांनी बोलावलंय का आपल्याला? बिनबोलावता इरजिकीला जात नाहीत, हे तूच सांगतेस."

"रोप पिवळं पडाय लागलं," मावशी म्हणाल्या. "त्याला ठावं हाय का कोन कुनाशी बोलत न्हाई ते?"

रूपाली म्हणाली, "मी पण येते."

"तू तळेगावची. तुला लावनी येती व्हय?"

"तुम्ही रांगेत उभ्या असलात की येईल."

मग प्रश्न उरला की घरात कोण थांबणार. फोन कोण घेणार, ठाण्याच्या लोकांना किल्ल्या कोण देणार, त्यांची समजूत कोण घालणार. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. मी पाहुणी होते. मराठी माझी घरची भाषा आहे, शाळेची नाही. अनोळखी माणसाशी बोलताना मी वाक्य आधी मनात जुळवते आणि जुळेपर्यंत संभाषण पुढे निघून गेलेलं असतं. त्या वेळी मात्र वाक्य दोनच शब्दांचं होतं.

"मी थांबते," मी म्हटलं.

मावशींनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

शनिवार

ती तिघं उतारावरून खाली गेली तेव्हा मी गॅलरीत होते. पुढे मावशी, मागे रूपाली साडी खोचून, मग संदीप डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन. बारीक पाऊस होता. नाना खाचरात बैल घेऊन चिखलणी करत होते. ही तिघं बांधावर आली तरी त्यांनी औत थांबवलं नाही. शेवटपर्यंत गेले, वळले, पुन्हा आले, पुन्हा पाठ फिरवून गेले.

 मावशी सरळ रोपांच्या चौकोनाशी गेल्या, एक जुडी उपटली, चिखलात उतरल्या आणि कोपऱ्यात वाकून लावायला लागल्या. रूपाली त्यांच्या शेजारी. संदीप रोपं उपटायला बसला.

नाना बैलांपाशी उभे राहिले. मी इतक्या उंचावर होते की त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसती टोपी आणि खांदे. कठडा मी घट्ट धरला होता. गेल्या वर्षीच्या मजुरांसारखं यांनाही परत पाठवलं तर?

मावशींच्या हातातली जुडी संपली. त्यांनी मान वर न करता रिकामा हात मागे केला.

नानांनी बैल सोडले. सावकाश रोपांपाशी गेले, संदीपने बांधून ठेवलेली एक जुडी उचलली आणि हवेत फेकली. ती बरोबर मावशींच्या मागे पाण्यात पडली. लावणाऱ्यांना जुड्या फेकणं हे मालकाचं काम असतं, असं रूपालीने मला सांगितलं होतं. पाण्याचा आवाज वर माझ्यापर्यंत आला नाही, पण मी तो ऐकला असं आजही वाटतं. मग दुसरी जुडी. मग तिसरी. थोड्या वेळाने शेजारच्या बांधावरून दोन बाया पदर खोचत आल्या. त्यांच्या मागून आणखी माणसं आली.

मी आनंदाने आत वळले तर दारात ठाण्याची फॅमिली उभी होती. ठरल्या वेळेच्या बरीच आधी. काका, काकू, दोन जावा, सासूबाई, आणि पोरंटोरं.

"रिसेप्शन कुठे आहे?" काकांनी विचारलं.

"मीच आहे," मी म्हटलं. माझाच आवाज मला नवा वाटला.

किल्ल्या दिल्या, पण रायभोगची आंबेमोहोरला आणि आंबेमोहोरची रायभोगला. त्यामुळे सासूबाई दारापाशी कुलपाशी झगडत राहिल्या. चहा केला, त्यात साखर घालायची राहिली. तेवढ्यात फोन वाजला आणि मी घाईत "हॅलो, जिरेसाळ" म्हणाले. ते सगळं त्यांनी पोटात घातलं. खरी पंचाईत जेवणाची होती.

"जेवण खाली आहे. शेतात," मी सांगितलं.

"शेतात? आम्ही चिखलात जेवायला आलोय का?" काका म्हणाले. "खोलीत पाठवा."

इथे एरवी मी "बरं" म्हणून मागे सरले असते. पण पाठवायला घरात ना माणूस होतं ना भाकरी. आणि खरं सांगायचं तर मला ते पटतच नव्हतं.

"खोलीत नाही मिळत," मी म्हटलं. "एकटं जेवलेलं अंगाला लागत नाही."

काका गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. सासूबाई मात्र फिसकन हसल्या. "माझी आई हेच म्हणायची. चला रे सगळे!"

मी वाट दाखवायला पुढे झाले आणि बांधावरून तिसऱ्याच पावलाला घसरून खाचरात बसले. अगदी व्यवस्थित, मांडी घातल्यासारखी. चिखल कमरेपर्यंत. सगळं वावर थांबलं.

"बसली पोरगी!" एक बाई ओरडली. "एक रोप लावल्याबिगर उठू नगंस!"

नाना पहिल्यांदा हसले. त्यांनी एक जुडी माझ्याकडे फेकली. मी ती झेलली नाही, ती माझ्या गालावर बसली. मग मी खरंच एक रोप लावलं. ते वाकडं होतं. कुणी सरळ केलं नाही.

मावशींनी पाटी उघडली तेव्हा मात्र पुन्हा ताण आला. नानांनी भाकऱ्यांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"माझ्या वावरात तुमचं जेवान, वहिनी? लोक काय म्हनतील? नानाकडं लावनीला भाकर नव्हती?"

मावशींनी हातातली भाकरी पुन्हा पाटीत ठेवली. गावातल्या बायांनीही हात मागे घेतले. ज्याचं वावर त्याने जेवण घालायचं. गेल्या वर्षीचं देणं फेडायला आलेल्या मावशीच ही रीत मोडत होत्या. भाकरी रचताना हे त्यांच्या लक्षात कसं आलं नाही, कोण जाणे. पावसात सगळे भुकेले उभे, मध्ये झाकण काढलेली पाटी, आणि कुणी बसेना.

"मग तुमी काय देताय भाऊजी?" शेवटी मावशींनीच विचारलं. आवाज हळू होता.

नाना घराकडे गेले. परत आले ते नानींना घेऊन. नानींच्या डोक्यावर ताकाची कळशी, हातात मीठ आणि कांदे.

"आदी माझ्या घरचं ताक प्यायाचं," नाना म्हणाले. "समद्यांनी. मग तुमची भाकर तोंडी लावायला."

सगळे बसले. ताकाचा पहिला पेला नानांनी स्वतः मावशींच्या हातात दिला. आल्याचा आणि धुराचा वास असलेलं, थंड, आंबूस ताक. त्यानंतर मी पुष्कळ ठिकाणी ताक मागवून पाहिलं, तसं कुठेच मिळालं नाही. ठाण्याचे काका बांधावर मांडी घालून बसले होते. तिसरी भाकरी त्यांनी आपणहून मागितली.

पाचच्या सुमारास नाना पाय धुऊन वर गॅलरीत चहाला आले. हे घर बांधल्यापासून पहिल्यांदा. कठड्यापाशी गेले आणि कप हातात तसाच राहिला. त्यांचं अख्खं वावर खाली पसरलं होतं, ओळीओळीने पोपटी, कडेला धरण, वर ढग. एका कोपऱ्यात माझं वाकडं रोप असणार.

"माझं वावर हितनं असं दिसतं व्हय?"

"हो नाना," संदीप म्हणाला.

"आन् लोक हे बघाय येत्यात? मुंबईहून?"

"हेच बघायला येतात."

नानांनी चहाचा घोट घेतला. "मला कुनी सांगितलं न्हाई," ते म्हणाले. मग रूपालीकडे वळले. "साखर कमी हाय चहात."

रविवार

मी निघाले तेव्हा पार्टीची पांढरी गाडी खाली उभी होती. एक गृहस्थ छत्री घेऊन बांधावर आले होते आणि बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून एकाच दगडावर तोल सांभाळत होते. नाना खाचरात वाकून सुटलेल्या जागी रोपं भरत होते. जीपची काच खाली होती, म्हणून ऐकू आलं.

"उभ्या पिकात काय दावू तुमाला?" नाना म्हणत होते. "दिवाळीनंतर या."

मावशी जीपपाशी आल्या. माझ्या मांडीवर तांदळाची पिशवी ठेवली. "कापनीला यायाचं. बोलावनं केलंय मी. आता आली न्हाईस तर बोलनार न्हाई."

मी कापणीला गेले. दोघी मैत्रिणींनाही नेलं, आणि त्यांना खोलीत जेवण मिळणार नाही हे आधीच सांगून ठेवलं होतं. विळ्याने बोट कापलं, ते आता भरलं आहे.

गेल्या आठवड्यात रूपालीचा फोन आला. दिवाळीनंतर पार्टी पुन्हा येऊन गेली. कापलेल्या खाचराच्या ओलीवर नानांनी हरभरा टाकला होता आणि तो बोटभर वर आला होता. नानांनी त्यांना हरभरा दाखवला. म्हणाले, उभ्या पिकात काय दावू? होळीनंतर या.

"आणि होळीनंतर काय पेरणार?" मी विचारलं.

रूपाली हसायला लागली. "तेच ठरवायला काल संध्याकाळी गॅलरीत येऊन बसले होते. दोन कप चहा झाला, अजून ठरलं नाही."